हॉपचे वाण आणि त्यांची पारख

हॉप हे नाव आपल्या खेड्यापाड्यांत फारसे कोणाच्या कानावरून गेलेले नसेल. बीअर नावाचे पेय युरोपात शतकानुशतके चालत आले आहे, आणि त्या पेयाला जो कडवटपणा व जो वास असतो तो या हॉपच्या वेलीपासून येतो. पेय घ्यावे की न घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आज आपण बोलणार आहोत ते पिकाबद्दल. एकाच पिकाचे चार वाण समोर असले तर त्यांतला चांगला कोणता, हे कसे ठरवायचे? आणि ते ठरवायचे कोणी? शेतकऱ्याने, गिऱ्हाइकाने की रोगाने? हा प्रश्न ज्वारीवाल्याला, ऊसवाल्याला आणि द्राक्षवाल्याला सारखाच पडतो. हॉपच्या बाबतीत त्याचे उत्तर शोधताना हजारो शेतकऱ्यांचे मळे पणाला लागले, म्हणून ही हकिकत ऐकण्यासारखी आहे.

आधी वेलीची ओळख करून घेऊ. हॉप हा भांगेच्या कुळातला वेल. भांगेप्रमाणेच याचीही नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी. उपयोगाची ती मादी वेल. वसंतात जमिनीतून कोंब फुटतात, ते दोरीला किंवा तारेला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेढे घालीत चढतात आणि दोन-अडीच महिन्यांत सहा-सात मीटर उंचीच्या मांडवाला जाऊन पोचतात. आपल्याकडचा पानमळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे दृश्य सहज डोळ्यांपुढे येईल. हिवाळ्यात वरची वेल मरते, पण जमिनीतला गड्डा जिवंत राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा फुटतो. एकदा लावलेला मळा पंधरा-वीस वर्षे टिकतो. म्हणजे वाण निवडताना चूक झाली, तर ती एका हंगामापुरती राहत नाही.

मादी वेलीला हिरवट, कागदासारख्या पाकळ्यांची, इवल्या शंकूसारखी फुले येतात. पाकळी उलगडून तिच्या बुडाशी पाहिले तर पिवळीधमक, चिकट पूड दिसते. तिचे नाव ल्युप्युलिन. हॉपची सारी किंमत या पुडीत आहे. तिच्यात दोन गोष्टी असतात: एक राळ आणि दुसरे सुगंधी तेल. राळेतून कडवटपणा मिळतो, तेलातून वास. वाणांची तुलना करताना या दोन गोष्टी मनात वेगवेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे पुढचा घोटाळा होत नाही.

आता हे काम कसे चालते ते पाहा. सातूला मोड आणून, तो वाळवून, भरडून गरम पाण्यात कालवला की गोड काढा तयार होतो. हा काढा तासभर उकळतात आणि त्या उकळीत हॉप टाकतात. राळेत ‘अल्फा आम्ल’ नावाचे द्रव्य असते. ते मुळात पाण्यात फारसे विरघळत नाही. पण उकळी मिळाली की त्याची घडण बदलते, ते विरघळू लागते आणि कडू होते. या कडू द्रव्यामुळे आंबवण बिघडवणारे पुष्कळसे जंतू वाढू शकत नाहीत. बाराव्या शतकात जर्मनीतील हिल्डेगार्ड या मठवासिनीने लिहून ठेवले आहे की हॉपच्या कडूपणामुळे पेये नासत नाहीत. जंतू म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नसताना अनुभवाने काढलेले ते अनुमान होते. पुढे १५१६ साली बव्हेरियात कायदाच झाला, की बीअरमध्ये पाणी, सातू आणि हॉप यांखेरीज काही घालू नये.

तेलाचे मात्र उलट आहे. उकळी मिळाली की ते वाफेबरोबर उडून जाते. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांत गृहिणी जो भेद करते तोच इथेही करावा लागतो. कडवटपणासाठीचा हॉप उकळीच्या सुरुवातीला टाकतात. वासासाठीचा अगदी शेवटी, किंवा काढा निवून आंबल्यानंतर. यावरून हॉपचे दोन वर्ग पडले: कडू वाण आणि सुगंधी वाण. दोन्ही गुण बऱ्यापैकी असलेले तिसरे, दुहेरी वाणही आहेत.

एवढी तयारी झाल्यावर आता एकेक वाण समोर घेऊ.

चेक देशात झातेत्स नावाचे गाव आहे. जर्मन भाषेत त्याला साझ म्हणतात, आणि तिथल्या तांबूस वेलीच्या जुन्या वाणालाही साझच म्हणतात. याच्यात अल्फा आम्ल फार थोडे, शेकडा तीन ते साडेचार. उत्पन्नही कमी, हेक्टरी टनाच्या आसपास. पण वास अगदी सौम्य, गवताचा आणि मसाल्याचा, नाकाला कोठे टोचत नाही. पिल्सेन गावच्या सोनेरी बीअरची ओळख या वासाशी जोडली गेली आहे. तिथल्या हॉपच्या मळ्यांचा, सुकवणीघरांचा आणि गोदामांचा परिसर २०२३ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

बव्हेरियातील हालरटाऊ हा जगातला हॉपचा सर्वांत मोठा सलग टापू, सुमारे १६–१७ हजार हेक्टरांचा. तिथला जुना वाण हालरटाऊ मिटलफ्र्यू. यातही अल्फा आम्ल शेकडा तीन ते साडेपाच. वास फुलांचा, किंचित मसालेदार. साझ आणि हा, दोघे एका पंक्तीचे. फरक पाहायचा तर तेल तपासावे लागते. साझच्या तेलात फार्नेसीन नावाचे द्रव्य बऱ्यापैकी असते. सफरचंदाच्या सालीतही ते असते. मिटलफ्र्यूत ते जवळजवळ नाहीच, तिथे ह्युम्युलीनचा भरणा जास्त. जाता जाता सांगायचे, तर हॉपच्या तेलात कॅरियोफायलीन असते, ते आपल्या लवंगेत आणि मिऱ्यातही असते. आणि मिरसीन असते, ते गवती चहात असते. नावे परकी वाटली तरी वास आपल्या स्वयंपाकघरात रोजचे आहेत.

इंग्लंडच्या केंट परगण्यातले जुने वाण गोल्डिंग आणि फगल. गोल्डिंगचा वास गोडसर आणि कोवळा, फगलचा मातकट आणि वनस्पतीसारखा. दोन्हींत अल्फा आम्ल साधारण शेकडा चार-पाच. एक गमतीचा भेद इथे सांगितला पाहिजे. जर्मन मळ्यांत नर वेल दिसली की उपटून टाकतात, कारण परागण झाले की शंकूत बी धरते आणि मालाची प्रत उतरते. इंग्लंडात मात्र नर वेली मुद्दाम राखीत. तेव्हा दोन देशांचा हॉप शेजारी शेजारी ठेवला की आधी बी आहे का हे पाहून पारखी माणूस गाव ओळखी. केंटची तोडणी हाही मोठा सोहळा असे. दर सप्टेंबरात लंडनच्या पूर्व भागातली गरीब कुटुंबेच्या कुटुंबे मुलाबाळांसकट तोडणीला येत, जशी आपल्याकडे ऊसतोडीला टोळी निघते. १९३१ साली जॉर्ज ऑर्वेल हा लेखकही या मजुरांत राहून हॉप तोडत होता. पुढे यंत्रे आली आणि ती प्रथा संपली.

याच केंटमधल्या वाय कॉलेजात अर्नेस्ट सॅल्मन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातून आलेली एक रानटी हॉपवेल त्यांनी १९१६ साली तिथे लावली. ती मूळ वेल पुढे मेली, पण तिचे बी मागे उरले. त्या बियांच्या रोपांतून त्यांनी निवडलेला वाण १९३४ साली ‘ब्रूअर्स गोल्ड’ या नावाने बाहेर पडला. त्यात अल्फा आम्ल जुन्या वाणांहून पुष्कळ सरस होते. पण बीअरवाल्यांनी नाके मुरडली. त्यांचे म्हणणे, याला अमेरिकन रानाचा उग्र वास येतो. ज्याला असे हिणवले, त्या वाणाचे रक्त आज जास्त अल्फा आम्ल असलेल्या बहुतेक वाणांच्या वंशावळीत सापडते.

आता अमेरिका. ओरेगन राज्यातल्या सरकारी संशोधन केंद्रात १९५६ साली गोळा केलेल्या बियांपासून एक वाण निघाला. त्याची आजी-पणजी फगल. पुष्कळ वर्षांच्या चाचणीनंतर १९७२ साली तो ‘कॅस्केड’ या नावाने शेतकऱ्यांना दिला गेला. अल्फा आम्ल साधारण साडेचार ते सात. याला वास येतो तो पपनसाच्या जातीच्या फळाचा आणि फुलांचा. साझची सवय असलेल्या माणसाला हा वास भडक वाटेल. पण पुढे अमेरिकेतल्या लहान लहान बीअरवाल्यांना तोच आवडला आणि त्यावर एक नवी तऱ्हाच उभी राहिली.

जर्मनीतील ह्यूल गावच्या संस्थेने काढलेले ‘मॅग्नम’ आणि ‘हर्क्युलीस’ हे कडू वाण. हर्क्युलीसमध्ये अल्फा आम्ल शेकडा बारा ते सतरा, आणि उत्पन्न हेक्टरी दोन टन व त्याहून वर. शिवाय या शतकातले नवे, फळांच्या वासाचे वाण आहेत: अमेरिकेचा ‘सिट्रा’, लिंबूवर्गीय आणि आंबट-गोड फळांच्या वासाचा, न्यूझीलंडचा ‘नेल्सन सॉव्हिन’, २००० साली आलेला, ज्याचा वास सॉव्हिन्यॉन ब्लाँक द्राक्षाच्या वाइनची आठवण देतो. ते द्राक्ष आता आपल्या नाशिककडेही लावतात.

गुरुजनांनी आता फळ्यावर एक उदाहरण मांडावे. समजा एक हजार लिटर काढा आहे आणि त्यात लिटरमागे २५ मिलिग्रॅम कडू द्रव्य उतरायला हवे. म्हणजे एकूण २५ ग्रॅम. उकळीत टाकलेले सगळे अल्फा आम्ल उतरत नाही. चौथा हिस्सा उतरतो असे धरू. म्हणजे टाकायला हवे १०० ग्रॅम अल्फा आम्ल. साझमध्ये ते शेकडा साडेतीन असेल, तर हॉप लागेल सुमारे २ किलो ८६० ग्रॅम. कॅस्केडमध्ये शेकडा सहा धरले, तर सुमारे १ किलो ६७० ग्रॅम. हर्क्युलीसमध्ये शेकडा सोळा धरले, तर अवघा ६२५ ग्रॅम. साझच्या एका हेक्टरातून टनभर हॉप निघाला तर अल्फा आम्ल ३५ किलो. हर्क्युलीसच्या हेक्टरातून दोन टन निघाला तर ३२० किलो. म्हणजे नऊपट!

हे गणित पाहून कोणीही म्हणेल, मग साझ लावायचाच कशाला? पण वजनावर माल मोजला की वास हिशेबाबाहेर राहतो. आपल्याकडे १९६४ साली संकरित ज्वारीचा पहिला वाण, सीएसएच–१, आला. दाणा भरपूर पडला. तरी घरी भाकरीसाठी आणि गुरांना कडब्यासाठी मालदांडीच हवी, असे म्हणणारा शेतकरी सोलापूरकडे ठायी ठायी भेटे. त्याच्या म्हणण्यात हट्ट नव्हता, अनुभव होता. दाणा, भाकरी आणि कडबा ही तीन वेगळी मापे आहेत. तसे हॉपला कडवटपणा, वास, उत्पन्न, साठवण आणि रोग ही पाच मापे लावावी लागतात.

साठवणीचेही पाहा. ओल्या शंकूत शेकडा ऐंशीच्या आसपास पाणी असते. ते मंद आचेच्या हवेवर शेकडा दहापर्यंत आणावे लागते. म्हणजे साडेचार किलो ओल्या मालाचा एक किलो सुका माल होतो. आच जास्त झाली तर तेल उडते. सुका माल उघड्यावर, उबेत राहिला तर अल्फा आम्लही घटते. त्यात वाणावाणांत फरक आहे. वीस अंश सेल्सियसला सहा महिने ठेवल्यावर कॅस्केडमध्ये सुमारे निम्मेच उरते, तर मॅग्नममध्ये शेकडा ऐंशीच्या वर. म्हणून हल्ली हॉप दळून, गोळ्या दाबून, हवाबंद पुड्यांत शीतगृहात ठेवतात.

पाचवे माप रोगाचे, आणि खरी कसोटी तिथे लागली.

हॉपचा मळा बियांपासून लावत नाहीत. चांगल्या वेलीचे छाट लावतात, जसे आपण उसाचे बेणे लावतो. त्यामुळे एका वाणाच्या लाखो वेली म्हणजे खरे पाहता एकच वेल. गुण सगळीकडे तोच, तसा दुबळेपणाही तोच. १९२० नंतर युरोपात या पिकावर केवडा आला. द्राक्षबागायतदारांना केवडा आणि भुरी म्हणजे काय हे सांगायला नको. हॉपचा केवडा द्राक्षाच्या केवड्याचाच चुलत भाऊ. त्याच्या धसक्याने १९२६ साली ह्यूलची संशोधन संस्था उभी राहिली. केवड्यावर निदान फवारणी होती. पण दुसरा रोग आला त्यावर तीही चालेना. तो म्हणजे मर.

मर रोगाची बुरशी जमिनीत राहते. ती मुळांतून शिरते, पाणी वाहणाऱ्या नळ्या कोंडते. खालची पाने पिवळी पडतात आणि भर हंगामात वेल उभीच्या उभी वाळते. इंग्लंडात हा रोग १९२४ साली केंटमध्ये प्रथम आढळला. फगल त्याला लवकर बळी पडे. हालरटाऊत तो १९५० नंतर पसरला आणि मिटलफ्र्यूचे मळे एकामागून एक बसू लागले. जमिनीतली बुरशी वर्षानुवर्षे मरत नाही, म्हणून त्याच शेतात तोच वाण पुन्हा लावण्याची सोय उरली नाही.

शेतकऱ्यापुढचा पेच आता लक्षात घ्या. जुना वाण लावावा तर मळा मरतो. नवा लावावा तर माल घेणारा म्हणतो, हा वास माझ्या बीअरचा नव्हे. आणि मांडव, तारा, सुकवणीची भट्टी यांचे कर्ज तर डोक्यावर आहेच. हालरटाऊतल्या पुष्कळांनी तेव्हा मर रोगाला दाद न देणारा ‘नॉर्दर्न ब्रूअर’ हा इंग्लिश वाण आणून लावला. तो टिकला, पण तो कडू वाण, वासात मिटलफ्र्यूची बरोबरी करणारा नव्हे. मग ह्यूलच्या संशोधकांनी त्याच्यापासून ‘पेर्ले’ हा वाण काढला. तो १९७८ साली आला: रोगाला पुष्कळसा दाद न देणारा आणि वासानेही सौम्य. इंग्लंडात वाय कॉलेजने १९७२ साली मर रोगात तग धरणारा ‘टार्गेट’ दिला. अमेरिकेत कूर्स कंपनीला जर्मन हॉप महाग आणि दुर्मीळ झाला, तेव्हा तिने कॅस्केड विकत घेण्याचे ठरवले, आणि त्या नवख्या वाणाला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले. एका देशातला मळा वाळला आणि दुसऱ्या देशातला वाण वर आला, तो असा.

मग मिटलफ्र्यू संपला काय? नाही. निरोगी छाट निवडून तो आजही थोड्या क्षेत्रावर लावतात, कारण त्याच्याच वासासाठी जास्त दाम मोजणारे लोक आहेत. आणि वर सांगितलेल्या अमेरिकन सिट्राच्या वंशावळीत निम्मा वाटा या मिटलफ्र्यूचाच आहे. ज्या संशोधन केंद्रांनी जुन्या आणि रानटी वेली, बिनकामाच्या वाटल्या तेव्हाही, कोपऱ्यात जपून ठेवल्या, त्यांच्यामुळे हे जमले.

आज पुन्हा एक कसोटी आली आहे. उन्हाळे कडक आणि कोरडे होत चालले आहेत. तशा वर्षी साझसारख्या जुन्या सुगंधी वाणांतले अल्फा आम्ल घटते. २०२३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की २०५० पर्यंत युरोपातल्या सुगंधी हॉपचे उत्पन्न शेकडा ४ ते १८ आणि अल्फा आम्लाचे प्रमाण शेकडा २० ते ३१ घटेल. त्यावर पाण्याची सोय, उंचावरची शेते आणि ऊन सोसणारे नवे वाण, असे तीन उपाय चालू आहेत.

कोणी विचारील, हा वेल आपल्याकडे होईल काय? त्याला हिवाळ्यात खरी विश्रांती देणारी थंडी लागते आणि उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. हालरटाऊत मोठ्यांत मोठा दिवस सोळा तासांचा. पुण्यास तो जेमतेम सव्वातेरा तासांचा. दिवस आखूड असला की वेल उंच होण्याआधीच फुलावर येते आणि शंकू थोडे मिळतात. भारतात हे पीक जमले ते हिमाचल प्रदेशाच्या लाहौल खोऱ्यात, सुमारे ३००० मीटर उंचीवर. तिथे १९७० नंतरच्या दशकात ‘लेट क्लस्टर’सारखे अमेरिकन वाण लावले गेले. पुढे मटार आणि बटाटा यांनी तिथे जास्त जोर धरला, कारण त्यांना गिऱ्हाईक जवळ होते.

शेवटी शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. गावात ज्वारीचे, भाताचे किंवा वालाचे जे दोन-तीन वाण असतील ते वर्गात आणावेत. फळ्यावर पाच रकाने आखावेत: उत्पन्न, चव, साठवण, रोग आणि बाजार. मुलांना घरी विचारून ते भरायला सांगावेत. आजी चवीचा रकाना भरील, वडील बाजाराचा. आणि पाचही रकान्यांत पहिला येणारा वाण बहुधा सापडणार नाही. मग वर्गाला विचारावे, की सबंध गावाने एकच वाण लावला आणि त्याच्यावर मर आला, तर पुढल्या वर्षी बियाणे कोठून आणाल? ज्या घरातून उत्तर येईल, त्या घरच्या कणगीतले मूठभर जुने बी शाळेच्या बागेत एका वाफ्यात लावून ठेवावे.